ट्रॉली फुकट, पण सात-बारा आपला



यंदाच्या उन्हाळ्यात तालुक्यांच्या बैठकांना फिरताना तीन गावांत एकच प्रश्न विचारला गेला. "भाऊ, शहराच्या सांडपाणी प्लांटवरचा काळा गाळ फुकट देतात म्हणे. ट्रॉलीचं भाडंही लागत नाही. शेणखत तर आता दिसतच नाही. घ्यावा की नाही?"

तिन्ही ठिकाणी मी उत्तर द्यायच्या आधी उलट विचारले, "त्याच्यासोबत कागद मिळतो का?"

कागद कोणालाच मिळाला नव्हता. त्या गाळात काय आहे, तो कधी तपासला, कोणी तपासला, उद्या जमिनीचे काही बरेवाईट झाले तर जबाबदार कोण, यातले एकही अक्षर कोणाच्या हातात नव्हते. हाती होती फक्त ट्रॉली. म्हणून या अंकाचा अग्रलेख त्या कागदाबद्दल आहे. जिल्हा बैठकीत यावर ठराव यायचा आहे. हात वर करण्यापूर्वी विषय नीट समजून घेऊ.

माझ्याच शेतातली गोष्ट

दुसऱ्याला शहाणपण सांगण्याआधी माझी चूक सांगतो. चार वर्षांपूर्वी मीही असा गाळ घेतला होता. शेतकी कॉलेजात शिकलेला माणूस, पण शेणखताचा भाव विचारून थकलो होतो. एका नगरपरिषदेच्या प्लांटवरचा माणूस म्हणाला, न्या. मी तीन ट्रॉल्या नेल्या, दोन एकरांत पसरल्या, वखर फिरवला. पहिला पाऊस पडला आणि तासातासांतून टमाट्याची रोपे वर आली. टमाटा कोणीच पेरला नव्हता. ते बी माणसाच्या पोटातून, गटारातून आणि प्लांटमधून जिवंत बाहेर पडले होते. तेव्हा डोक्यात उजेड पडला की बी जिवंत राहते, तर जंताचे अंडे का राहणार नाही?

खोटे कशाला बोलू? त्या वर्षी ज्वारी चांगली आली. कडबाही उंच झाला. पण माझे मन स्वस्थ बसेना. नगरपरिषदेत गाळाचा तपासणी अहवाल मागायला गेलो. उत्तर मिळाले, "फुकट नेता, वर रिपोर्ट मागता?" मग माती तपासणीच्या प्रयोगशाळेत गेलो. मृद आरोग्य पत्रिकेत १२ घटक तपासतात : सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन. त्यात कॅडमियम नाही, शिसे नाही, पारा नाही, क्रोमियम नाही. म्हणजे जी जमीन बिघडण्याची भीती, ती बिघडली की नाही हे सांगणारी सोय आपल्या पत्रिकेत नाहीच.

एका पिशवीत थोडा गाळ उरला होता. तो पदरचे पैसे घालून खाजगी प्रयोगशाळेत तपासून घेतला. जस्त भरपूर, शिसे मर्यादेत. पण क्रोमियम शहरी कंपोस्टच्या सरकारी मर्यादेच्या वर. तो पिकात उतरला असे मी म्हणत नाही. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत तो बहुतेक धरून ठेवला जातो. पण अहवाल हाती आला तेव्हा गाळ मातीत मिसळून एक हंगाम उलटला होता. माती चाळून क्रोमियम वेगळा काढायचे अवजार कोणत्याही लोहाराकडे मिळत नाही.

गाळ येतो कुठून?

शहराच्या गटारात संडास आणि मोरी यांचेच पाणी येते असे नाही. दवाखाना, गॅरेज, छपाई, रंगाई, धातूला मुलामा देणारे छोटे कारखाने, सगळे त्याच नळीला जोडलेले असतात. प्लांटवर हे पाणी संथ ठेवतात, जड घाण तळाशी बसते. मग पाण्यात हवा सोडून जिवाणू वाढवतात. ते विरघळलेली घाण खातात आणि शेवटी तेही तळाशी बसतात. वरचे पाणी नदीत किंवा कारखान्याला जाते. तळाचा गाळ बंद टाकीत कुजवून, वाळूच्या वाफ्यांवर वाळवून बाहेर काढतात.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवा. घाण कुजते, धातू कुजत नाही. पाणी जितके स्वच्छ करावे, तितका त्यातला धातू गाळात उतरतो. म्हणजे शहराची नदी सुधारणे आणि गाळाचा ढीग वाढणे ही एकाच कामाची दोन टोके आहेत.

हा ढीग वाढणारच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालात देशाच्या शहरांतून रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निघते असे नोंदवले आहे. त्यातल्या २०,२३५ दशलक्ष लिटरवरच तेव्हा प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती. एकट्या महाराष्ट्राचे सांडपाणी रोज सुमारे ९,१०० दशलक्ष लिटर. उरलेल्या पाण्यावर प्रक्रिया व्हायलाच हवी. आपल्याच नद्या त्या. पण जसे प्लांट उभे राहतील तसा गाळ निघेल आणि तो टाकायला जागा लागेल. शहरात जागेचा भाव चौरस फुटावर आहे. आपल्याकडे मात्र जमीन उघडी पडली आहे आणि खताला आसुसली आहे. ट्रॉली गावाकडे वळते ती या कारणाने.

सोनखताचे दिवस

कोणी म्हणेल, आपल्या आज्या-पणज्यांनी सोनखत वापरले, त्यांचे काय बिघडले? बरोबर आहे. शहराचा मैला शेतात जाणे ही नवी गोष्ट नाही. सी. एन. आचार्य यांनी १९३९ मध्ये मैला आणि शहराचा केरकचरा थराथराने कुजवण्याची बंगलोर पद्धत बसवून दिली. त्याच्याही आधी, १९२४ ते १९३१ या काळात, अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरच्या संस्थेत कपाशीच्या पऱ्हाट्या आणि इतर काडीकचरा कुजवून खत करण्याची इंदूर पद्धत उभी केली. ती संस्था कापसाच्या संशोधनासाठीच होती. मैला आणि पऱ्हाटी यांची सोयरीक तशी जुनी आहे.

पण दोन गोष्टी विसरू नका. एक, त्या मैल्यात बॅटरी नव्हती, मुलाम्याचे पाणी नव्हते, आजची औषधे आणि रसायने नव्हती. दुसरी, ते सोनखत कोणाच्या तरी डोक्यावरच्या पाटीतून येत होते आणि ती पाटी एकाच समाजाच्या माथी मारलेली होती. ते दिवस परत आणायचे नाहीत. आज गाळ हातांनी पसरणारा मजूरही माणूस आहे, हे नियम लिहिताना पहिल्या ओळीत यायला हवे.

ट्रॉलीची किंमत किती?

आता हिशेब करू. तीन टनांची ट्रॉली धरा. वाफ्यावरून उचललेल्या गाळात निम्मे पाणीच असते. उरला दीड टन कोरडा माल. त्यात दोन टक्के नत्र धरला तर ३० किलो झाला. तो सेंद्रिय रूपात असतो, म्हणून पहिल्या हंगामात पिकाला साधारण तिसरा हिस्सा लागू होतो, म्हणजे १० किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत जवळजवळ २१ किलो नत्र असतो. म्हणजे अख्खी ट्रॉली पहिल्या वर्षी अर्ध्या गोणी युरियाइतकी.

यावर थांबलो तर गाळावर अन्याय होईल. उरलेला नत्र पुढच्या वर्षांत थोडा थोडा मिळतो. स्फुरद दीड टक्का धरला तर २२ किलो, म्हणजे डीएपीच्या एका गोणीत असतो जवळपास तितका. मात्र तोही हळूहळू लागू होतो. पालाश नावापुरता. जस्त चांगले मिळते आणि आपल्या काळ्या जमिनींत जस्ताची ओढ आहेच. सगळ्यांत मोलाचा आहे सेंद्रिय पदार्थ. घरची गुरे कमी झाली, उकिरडे ओस पडले, कर्ब उतरला. ज्या जमिनीत कर्ब आहे ती पावसाच्या खंडात चार दिवस जास्त तग धरते, हे कोरडवाहू शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही.

म्हणून गाळ हे विष आहे असे आमचे म्हणणे नाही. तो माल आहे. माल म्हटला की प्रत आली, तपासणी आली, भाव आला आणि फसवणूक झाली तर भरपाई आली. आज त्याला यातले काहीच लागू नाही आणि म्हणूनच तो फुकट आहे. फुकट देण्यात शहराचे औदार्य नाही. गाळ वाहून कचरा डेपोत पुरायला नगरपालिकेला पैसे पडतात. आपण नेला की तो खर्च वाचतो.

"कापूस कोण खातो?"

गाळ देणाऱ्यांचे हे आवडते वाक्य आहे. भाजीला नको, पण कापसाला काय हरकत?

कापूस कोणी खात नाही, पण सरकी खातात. सरकीचे तेल निघते, ढेप गाई-म्हशींपुढे जाते, दूध लेकरांच्या पोटात जाते. ज्वारीचे कणीस आपण खातो, कडबा गुरे खातात. कपाशीत तूर असते आणि पुढच्या वर्षी त्याच शेतात भुईमूग किंवा हरभरा येतो. पीक बदलते, माती तीच राहते. कपाशीला म्हणून टाकलेला गाळ पुढच्या साऱ्या पिकांना चिकटलेला असतो.

आणि कापूस वेचतो कोण? आमच्या मायबहिणी. वाकून, उघड्या हातांनी, दिवसभर. दुपारची भाकर त्याच बांधावर सोडतात. जंतांची अंडी मातीत महिनोन्महिने जिवंत राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शनात शेतीला द्यायच्या मैल्याच्या एका ग्रॅम कोरड्या मालात जंताचे एकापेक्षा कमी जिवंत अंडे असावे असे सांगितले आहे. आपल्या ट्रॉलीत किती होती? कोणी मोजलेच नाही.

कोरडवाहू जमिनीची आणखी एक अडचण आहे. बागायतदाराच्या जमिनीत क्षार साचले तर तो चार पाणी जास्त देऊन धुऊन काढील. आपल्याकडे धुवायला पाणी कुठले? जे पडले ते मुरले.

बाहेरच्या देशांनी काय केले?

युरोपीय समुदायाने १९८६ मध्ये गाळाबाबत निर्देश काढला. त्यात गाळातल्या धातूला मर्यादा आहे, मातीतल्या धातूला मर्यादा आहे आणि एका हेक्टरला वर्षाकाठी किती धातू जावा यालाही मर्यादा आहे. अमेरिकेने १९९३ मध्ये नियम केले. गाळाचे रोगजंतूंवरून दोन वर्ग पाडले. कमी प्रक्रियेच्या गाळावर मुदती घातल्या : कापूस आणि चारा यांची कापणी ३० दिवस नाही, जनावरे ३० दिवस चारायची नाहीत, फळ मातीला टेकणाऱ्या भाज्यांना १४ महिने थांबायचे आणि जमिनीखाली वाढणाऱ्या पिकांना २० ते ३८ महिने.

ब्रिटनमधली गोष्ट वेगळी आहे. तिथे बाजाराने दांडा उगारला. धान्य-भाजी विकणाऱ्या मोठ्या दुकानदारांनी विचारले, आमचा माल कसल्या शेतातून येतो? १९९८ मध्ये त्यांचा आणि पाणी कंपन्यांचा करार झाला आणि १९९९ अखेर खाद्यपिकांवर कच्चा गाळ टाकणे बंद झाले. यातला इशारा आपल्यालाही आहे. उद्या आपल्या ढेपेबद्दल किंवा ज्वारीबद्दल गिऱ्हाइकाने हाच प्रश्न विचारला, तर भाव आपला पडणार, नगरपालिकेचा नाही.

स्वित्झर्लंडने तर २००६ पासून शेतात गाळ टाकणे बंदच केले.

सगळ्यांत मोठा धडा अमेरिकेतल्या मेन राज्याचा आहे. अरंडेल गावच्या एका दूधवाल्या शेतकऱ्याने १९८० च्या दशकापासून सरकारी परवानगीने शेतात गाळ घेतला. कागदावर सगळे मर्यादेत होते. २०१६ मध्ये कळले की त्याच्या पाण्यात, मातीत आणि दुधात पीएफएएस नावाची रसायने आहेत. न चिकटणारे तवे, पाणी न धरणारे कापड, आग विझवायचा फेस यांत ही वापरतात आणि ती मातीत जवळजवळ नष्ट होत नाहीत. दूध विकणे थांबले, पिढीजात धंदा बसला. त्याने नियम मोडला होता का? नाही. नियमाच्या यादीत ते रसायन नव्हतेच. २०२२ मध्ये मेन राज्याने कायदा करून शेतात गाळ टाकायला बंदी घातली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने मसुदा अहवालात मान्य केले की यातल्या दोन रसायनांचे प्रमाण गाळात अब्जात एक भाग असले, तरी असा गाळ घेतलेल्या शेतांवर जगणाऱ्यांच्या आरोग्याला धोका असू शकतो.

म्हणजे नुसती मर्यादांची यादी पुरत नाही. यादीत आज जे नाही ते उद्या निघाले, तर भरणार कोण? हे आधीच लिहून घ्यावे लागते.

कॅडमियमचा हिशेब

मर्यादा कोणाची धरावी, यात किती फरक पडतो ते पाहा. एका हेक्टरच्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन साधारण २० लाख किलो भरते. दरवर्षी ५ टन कोरडा गाळ टाकला असे धरा.

आपल्या देशात शहरी कंपोस्टला कॅडमियमची मर्यादा किलोला ५ मिलिग्रॅम आहे. त्या मर्यादेच्या मालातून हेक्टरला वर्षाकाठी २५ ग्रॅम कॅडमियम जाते. २० वर्षांत अर्धा किलो. मातीत किलोमागे पाव मिलिग्रॅमची वाढ.

अमेरिकेची चांगल्या प्रतीच्या गाळाची मर्यादा ३९ मिलिग्रॅम आहे. त्या दराने वर्षाला १९५ ग्रॅम. युरोपचा निर्देश हेक्टरी वर्षाला सरासरी १५० ग्रॅमच्या वर जाऊ देत नाही. २० वर्षांत ३ किलो ९०० ग्रॅम, म्हणजे मातीत किलोमागे जवळजवळ २ मिलिग्रॅमची वाढ. युरोपने मातीसाठी ठरवलेली वरची मर्यादा १ ते ३ मिलिग्रॅम आहे. म्हणजे अमेरिकी मर्यादेतला गाळ आपल्या एका पिढीत जमिनीला युरोपच्या मर्यादेवर नेऊन ठेवतो.

म्हणून कोणी म्हणाले "आमचा गाळ आंतरराष्ट्रीय मानकात बसतो", तर विचारा, कोणत्या देशाच्या? आपल्या चुनखडीच्या जमिनीत कॅडमियम पिकात कमी उतरते, हे मी शेतीशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मान्य करतो. पण कमी उतरते याचा अर्थ जमिनीतून जाते असा नाही. जपानमध्ये जिंझू नदीकाठच्या भातखाचरांत खाणीच्या पाण्यातून कॅडमियम आले, माणसांची हाडे ठिसूळ झाली आणि १९६८ मध्ये सरकारने रोगाचे कारण मान्य केले. तिथली जमीन सुधारण्याचे काम १९७९ ला सुरू झाले ते २०१२ ला संपले. श्रीमंत देशाला ३३ वर्षे लागली. आपली जमीन कोण सुधारून देणार?

आपल्याकडे कायदा आहे का?

आहे आणि नाही. खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये शहरी कंपोस्टची मानके आहेत : क्रोमियम ५०, शिसे १००, कॅडमियम ५, आर्सेनिक १०, निकेल ५०, पारा ०.१५, सगळे किलोला मिलिग्रॅममध्ये. क्षारता ४ च्या वर नको, रोगजंतू नकोत. पण ही मानके खत म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाची. गोणीत भरला, शिक्का मारला, दुकानात ठेवला की मानक लागू. तोच माल मोकळा, ट्रॉलीत भरून, फुकट दिला की त्याला विचारणारे कोणी नाही. विकताना जे खत असते ते फुकट देताना माती होते, असा हा चमत्कार आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने द्रव कचरा व्यवस्थापन नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. सांडपाण्याबरोबर गाळाचाही विचार त्यात आहे, ही चांगली गोष्ट. पण असे मसुदे शहराच्या डोळ्यांनी लिहिले जातात. गाळाची विल्हेवाट कशी लावावी हा त्यांचा प्रश्न असतो. तो कोणाच्या सात-बाऱ्यावर लागतो, हा आपला प्रश्न. तो आपणच विचारला पाहिजे.

आपण आणि बंधने?

इथे एक शंका येईल आणि ती रास्त आहे. आपण तर सरकारी बंधनांविरुद्ध लढलो. १९७२ पासूनच्या एकाधिकार खरेदीत स्वतःचा कापूस राज्याबाहेर नेणे हा गुन्हा होता. त्या पोलिसी पहाऱ्याचा अनुभव आपल्याला आहे. मग आता आपणच नवे नियम कसे मागतो?

फरक समजून घ्या. आपला माल आपण कुठे विकायचा, यावर बंधन घालणे ही जुलूमशाही. दुसऱ्याने त्याचा कचरा माझ्या जमिनीत काय म्हणून टाकावा, यावर बंधन मागणे हे मालकीचे रक्षण. शेजाऱ्याने आपल्या बांधात दगड टाकले तर आपण गप्प बसतो का? शहर हाही एक शेजारी आहे.

मात्र भीती खरी आहे. नियम आला की इन्स्पेक्टर येतो, आणि तो प्लांटवर जाण्याऐवजी शेतकऱ्याच्या बांधावर येतो, कारण शेतकरी गरीब आणि जवळ असतो. म्हणून आपली मागणी एका वाक्यात सांगायची : बंधन देणाऱ्यावर, घेणाऱ्यावर नाही. गाळ ज्याने तयार केला त्यानेच तपासावा, त्यानेच लिहून द्यावे, त्यानेच भरावे.

ठरावातल्या मागण्या

१. गाळ विकत द्या की फुकट द्या, खत नियंत्रण आदेशातली शहरी कंपोस्टची धातूंची मर्यादा त्याला लागू करा. त्यात न बसणारा गाळ शेताकडे येताच कामा नये.

२. प्रत्येक खेपेसोबत मराठीत छापलेला तपासणी कागद हवा : तारीख, ओलावा, नत्र-स्फुरद-पालाश, क्षारता, धातू आणि जंतांची अंडी. कागद नाही तर ट्रॉली रिकामी होणार नाही.

३. पहिली खेप देण्याआधी शेताच्या मातीतले धातू गाळ देणाऱ्याने स्वखर्चाने तपासावेत आणि दर पाच वर्षांनी पुन्हा तपासावेत. मृद आरोग्य पत्रिकेत निदान कॅडमियम, शिसे आणि क्रोमियम यांची भर घाला.

४. कोणत्या गटात किती गाळ गेला, याची नोंद गाळ देणाऱ्याने ठेवावी आणि शेतकऱ्याला प्रत द्यावी. ही नोंद शेतकऱ्याच्या कर्जाच्या, विम्याच्या किंवा विक्रीच्या आड येता कामा नये.

५. पुढे कधीही जमीन, विहीर किंवा जनावर बाधित झाले, तर भरपाई गाळ देणाऱ्याने द्यावी. "तेव्हा सगळे मर्यादेत होते" ही सबब चालणार नाही.

६. कारखान्यांचे पाणी गटारात सोडण्याआधी कारखान्यातच साफ झाले पाहिजे. गाळ सुधारण्याचा सर्वांत स्वस्त उपाय हाच.

७. कच्चा गाळ देऊ नका. शहराच्या जागेत तो पऱ्हाटीच्या भुशाबरोबर कुजवा. अमेरिकी नियमात उघड्या राशीत ५५ अंशांची उष्णता १५ दिवस टिकवून पाच वेळा रास परतायला सांगितले आहे. त्यासाठी लागणारी पऱ्हाटी आमच्याकडून भाव देऊन विकत घ्या. बोंडअळीचे घरही शेतातून हलेल.

८. गाळ हाताळणाऱ्या प्रत्येक मजुराला हातमोजे, बूट आणि जंतांचे औषध देण्याचा खर्च गाळ देणाऱ्याचा.

तोवर काय करायचे?

नियम होईपर्यंत आमचा सल्ला असा : कागदाशिवाय घेऊ नका. ज्यांनी घेतलाच आहे त्यांनी घाबरू नये, पण पुढच्या गोष्टी कराव्यात. ओला, वास मारणारा गाळ पसरू नका. विहीर आणि नाल्यापासून दूर ठेवा. पसरायचा तो उन्हाळ्यात, पेरणीच्या बराच आधी, आणि वखराने मातीआड करा. त्या शेतात निदान महिनाभर गुरे सोडू नका. भुईमूग, कांदा, मुळा अशी पिके तीन वर्षे तरी घेऊ नका. त्याच जागी दरवर्षी गाळ टाकू नका. शेताच्या एका कडेला चार तासे गाळाविना ठेवा; पुढे काही फरक पडला तर तुमचा साक्षीदार तिथेच उभा असेल. आणि प्रत्येक खेपेतला किलोभर गाळ स्वच्छ पिशवीत बांधून, तारीख आणि गाडीचा नंबर लिहून ठेवा. माझ्याकडे ती पिशवी उरली होती म्हणूनच मला आज हे लिहिता आले.

भावांनो, मायबहिणींनो, गाळ परत जमिनीत जावा हे निसर्गाला धरूनच आहे. शहराने खाल्लेले धान्य आपल्याच मातीतून गेले. त्याचा काही अंश परत आला तर तो उपकार नाही, देणे आहे. पण देणे फेडताना कोणी खोटे नाणे हातावर ठेवले, तर ते वाजवून पाहायचा हक्क आपला आहे. शहराची घाण एका पावसाळ्यात शहराबाहेर जाते. आपल्या जमिनीत आलेला धातू मात्र नातवाच्या सात-बाऱ्यावरही राहतो.

जिल्हा बैठकीला येताना आपापल्या गावात गाळ कोणी घेतला, किती घेतला, कागद मिळाला का, एवढी माहिती लिहून आणा. नुसत्या भाषणापेक्षा ती वही मोठी. ठराव मंजूर झाला की ती वही घेऊनच आपण नगरपालिकेच्या आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या दारात जाऊ. आणि त्याच्या दुसऱ्या दिवसापासून जिल्ह्यातल्या प्रत्येक बांधावर एकच प्रश्न ऐकू आला पाहिजे :

कागद कुठे आहे?